बिलीचा तो फोटो आणि महागडे बल्ब

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचा १९४७ चा क्लोज-अप फोटो 'ठरवून, शंभर फोटो काढून निवडलेला' वाटतो, असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. तो विल्यम गॉटलिबने न्यूयॉर्कच्या डाउनबीट क्लबात काढला. गॉटलिब मुळात लिहिणारा माणूस. वॉशिंग्टन पोस्टमध्ये जॅझवर सदर लिहायचा. पेपर फोटोग्राफरचे पैसे देईना, म्हणून स्वतःच स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन शिकला. फ्लॅशचे बल्ब महाग, त्यामुळे एका संध्याकाळी जेमतेम तीन-चार फोटो. गाणं ऐकत थांबायचं आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं! बिलीचं १९४४ चं 'लव्हर मॅन' हे गाणं लावून तो चेहरा पुन्हा बघा. गळ्याची ताणलेली शीरसुद्धा सुरात आहे असं वाटतं.

१९४७ चाच, गॉटलिबनेच काढलेला जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचा फोटोही इथे हवाच. एला गातेय, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी तिच्याकडे भान हरपून बघतोय, आणि मागे बास वाजवणारा रे ब्राऊन. एलाने डिसेंबरमध्ये लग्न केलं ते या मागच्या रेशी. हे सगळे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि गॉटलिबच्याच इच्छेनुसार २०१० पासून सर्वांसाठी खुले आहेत, तेव्हा मोठ्या आकारात उतरवून घ्या.