अग्रक्रम आपला असताना थांबून वाट देणे हे सौजन्य म्हणावे का?

प्रश्न
मुख्य रस्त्यावर माझा अग्रक्रम असला तरी बाजूच्या रस्त्यावर कोणी ताटकळत असल्यास मी गाडी थांबवतो आणि त्याला हाताने पुढे यायला खुणावतो. माझ्या थोरल्या भावाला मात्र ही सवय धोक्याची वाटते. अनुभवी चालकांचे यावर काय मत आहे? शिवाय समोरच्याने डिपर दिला, तर त्याचा अर्थ ‘तुम्ही या’ असा घ्यावा की ‘मी येतो आहे, थांबा’ असा, हेही कृपया सांगावे.

उत्तर १
मला तुमच्या भावाचे म्हणणे पटते. एकाच दिशेला दोन लेन असतील, तर तुम्ही थांबलात म्हणून शेजारच्या लेनमधला थांबेलच असे नाही. उलट तुमच्या गाडीच्या आडोशामुळे बाहेर येणारे वाहन त्याला दिसत नाही, आणि तुमच्या खुणेवर विसंबून निघालेला माणूस नेमका त्याच्या पुढ्यात येतो. मोकळ्या रस्त्यावर तुम्ही असा अचानक ब्रेक लावाल, याची मागच्या चालकालाही कल्पना नसते. आपण पुढे काय करणार आहोत याचा इतरांना वेळेवर अंदाज येऊ देणे, हे माझ्या मते चालकाचे पहिले सौजन्य होय. वाहतूक तुंबलेली असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा पुढच्या गाडीला जाऊन न भिडता बाजूच्या रस्त्याचे तोंड मोकळे ठेवावे, म्हणजे हात दाखवण्याची वेळच येत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्यासाठी थांबणे मात्र या चर्चेत मोडत नाही, कारण तो नियमच आहे.

उत्तर २
डिपरचे दोन्ही अर्थ प्रचलित आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत, हीच अडचण आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तर दिवे केवळ आपले अस्तित्व कळवण्यासाठीच लुकलुकवावेत, दुसरा कोणताही निरोप देण्यासाठी नव्हे, असे सांगितले आहे. त्यामुळे समोरच्याने डिपर दिला म्हणून लगेच निघू नये. त्याचा वेग खरोखर कमी झाला आहे का, ते पाहावे. (जपानमध्ये वाट दिल्याबद्दल आभार मानण्यासाठी हॅझर्ड लाइट लावण्याची पद्धत आहे. ती मला आवडते, पण जिथे हे दिवे बिघाडाची किंवा धोक्याची खूण मानले जातात, तिथे तिचा वापर टाळलेलाच बरा.)

प्रश्नकर्ता
उत्तरांबद्दल आभारी आहे. एक उपप्रश्न: दोन लेनची एक होते तिथे रिकाम्या लेनमधून शेवटपर्यंत येऊन मध्येच घुसणाऱ्यांना वाट द्यावी का?

उत्तर ३
वाहतूक संथ असेल तर अवश्य द्यावी. तो घुसतो आहे असे आपल्याला वाटते खरे, पण जर्मनीच्या वाहतूक नियमांत हीच रीत घालून दिलेली आहे: दोन्ही लेन अखेरपर्यंत वापरायच्या आणि अरुंद जागेच्या तोंडाशी एका लेनमधली एक, मग दुसरीतली एक, अशा गाड्या सोडायच्या. सगळे आधीच एका लेनमध्ये शिरले, तर रांग विनाकारण लांबते आणि मागचा चौक अडतो. एरवी वेगात असताना पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे अंतर राखावे. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते सुमारे ३३ मीटर भरते, आणि ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट ठेवावे. त्या जागेत कोणी शिरलेच, तर हॉर्न वाजवत न बसता वेग किंचित उतरवून अंतर पुन्हा पूर्ववत करावे.