केळीच्या वंशवृक्षात एकच फांदी लांब का?

रावेर: सात केळींच्या पानांतून मॅट-के नावाच्या जनुकाचा क्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची रांग, वाचून घेतला. चिकाचे डाग अजून बोटांवर आहेत. मॅफ्ट या संगणक-प्रणालीने क्रम जुळवले, पण वडिलांच्या मळ्यातल्या केळीत नुसत्या रिकाम्या जागा! वंशवृक्षात तिची एकटीचीच फांदी लांब. वेगळी जात असेल का?

जळगाव: घाई नको, भाऊ. तो क्रम डीएनएच्या उलट्या धाग्याचा वाटतो. उलटवून पूरक अक्षरं (ए-टी, जी-सी) घे, मग जुळव. टोकांची धूसर अक्षरंही छाट.

धुळे: मॅट-के हरितलवकातलं, केळीत ते आईकडून येतं. अ‍ॅक्युमिनाटा आणि बाल्बिसियाना या दोन रानकेळींच्या संकरात बापाची बाजू त्यात दिसणारच नाही. बाह्यगट, म्हणजे तुलनेसाठी गटाबाहेरची नातलग, म्हणून केळीसारखी एन्सेटे घे; बाह्यगटाशिवाय वंशवृक्षाचं मूळ नीट ठरत नाही.

रावेर: उलटवला, सगळ्या रांगा जुळल्या! आता एन्सेटेचा क्रम घालतो.