मदत हवी आहे: फिरतीची नोकरी, दिवसभर ऊन, सनस्क्रीन चेहऱ्यावर टिकतच नाही

नमस्कार मंडळी,
मी बियाणं कंपनीत फिल्ड ऑफिसर आहे, एरिया अकोला-बुलढाणा. सकाळी आठला गाडीवर बसलो की प्लॉट व्हिजिट, डीलर, परत प्लॉट असं करत पाच-साडेपाच होतात आणि त्यातला निम्मा वेळ तरी ऊन डोक्यावर. वर्षभरात दोन्ही गालांवर नि कपाळावर तपकिरी डाग आलेत, मानेवर तर कॉलरची सरळ रेघच उमटलीय. स्किनच्या डॉक्टरांनी वांग आहेत म्हणून सांगितलं (पुरुषांनाही येतात म्हणे), रात्रीसाठी क्रीम दिलं आणि म्हणाले दिवसा सनस्क्रीन लावणार नसाल तर हे क्रीम लावून उपयोग नाही.

आता खरी अडचण. यूट्यूबवर जे काय सांगतात ते सगळं एसीत बसणाऱ्यांसाठी आहे असं माझं मत झालंय. दर दोन तासांनी परत लावा म्हणे! अकरा वाजता मी कपाशीच्या ओळीत उभा, तोंडावर घाम, घामावर धूळ, वरून दुपट्टा, समोर चार शेतकरी बोंडअळीबद्दल विचारतायत, त्यात खिशातून ट्यूब काढून फासली तर शेंदूर लावलेला मारुतीच दिसणार की. ते चिडवतील त्याचं काही नाही, पण घामाबरोबर क्रीम डोळ्यात उतरून गाडी चालवताना जी चुरचुर होते ती धोक्याची आहे, एकदोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

तर, डोळ्यात न उतरणारं काय असतं? घामट तोंडावर परत लावायचं कसं? एसपीएफ (ट्यूबवरचा ऊन अडवायचा आकडा) ५० घ्यावं की ३० चालतं? आणि दुपट्टा पूर्ण बांधला तर क्रीमची गरज आहे का? बजेट महिना पाचसहाशेच्या आत बसलं तर बरं.

तिखटमीठ:
भाऊ, दुपट्टा सोडू नका, आपल्या वऱ्हाडात सगळ्यात भरवशाचा तोच. फक्त तो उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार येतंय. बाजारात मिळतो तो पांढरा विरळ दुपट्टा वाऱ्याला चांगला, उन्हाला नाही, आणि ओला केला की गार वाटतं पण सुती कापड भिजलं की त्यातून अतिनील किरण जास्तच येतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. आणि हेल्मेट काढलं की कॅप नको, सगळीकडून काठ असलेली टोपी घाला, कॅपमध्ये कान आणि मान उघडीच राहते.

गोळीवाली:
दादा, मी फार्मसीत आहे, जमेल तेवढं सांगते. ३० वालं साधारण ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवतं, ५० वालं ९८, म्हणजे फरक एका टक्क्याचा. पण हे आकडे भरपूर थर लावून मोजलेले असतात आणि आपण सगळे त्याच्या निम्मंसुद्धा लावत नाही, म्हणून ५० घ्या. पहिलं आणि मधलं बोट, टोकापासून मुळापर्यंत भरून दोन रेघा, एवढं चेहरा-मानेला लागतं. असं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दोन-तीन आठवड्यांत संपते, तेव्हा तुमचं बजेट जरा ताणलं जाईल. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, यूव्हीएसाठी (कातडीत खोलवर जाणारे अतिनील किरण) ट्यूबवर 'पीए'पुढचे प्लस (+) बघा, तीन तरी हवेत.

वांगासाठी अजून एक गोष्ट, जी बहुतेक जण सांगत नाहीत. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. टिंटेड म्हणजे रंगीत सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड असतं, ते अडवतं. शिवाय गव्हाळ रंगात मिसळून जातं, त्यामुळे पांढरं फटक दिसायची भीती नाही.

डोळ्यांसाठी: कपाळाला आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं स्टिक वापरा, ते सहसा झोंबत नाही. बाकी चेहऱ्याला वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं. ते घामात ४० किंवा ८० मिनिटंच टिकतं हे मात्र धरून चाला. परत लावताना घामावर लावू नका, आधी ओल्या रुमालाने धूळ पुसा, कोरडं होऊ द्या, मग लावा. दर दोन तासांनी नाहीच जमलं तर निदान जेवायच्या वेळी, हात धुता तेव्हाच.

रानफेरी (धागाकर्ता):
ताई, खूप आभार, टिंटेडचं तर डॉक्टरही बोलले नव्हते. एक विचारायचं राहिलं, गावातल्या मेडिकलवाल्याने डाग लवकर जातील म्हणून एक ट्यूब दिलीय, अजून उघडली नाही. आणि पावसाळ्यात ढग असतात तेव्हा सुट्टी घेता येईल का ह्या सगळ्यातून?

गोळीवाली:
ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन असलं काही लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं आहेत. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, आणि थांबवलं की डाग जोरात परत येतात. तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका.

शून्यसावली:
ढगांचं मी सांगतो. विदर्भात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या उत्तरार्धात एकदा आणि जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात परत. म्हणजे तुमचा खरीप ऐन भरात असतो तेव्हा किरण सरळच पडतायत, पातळ ढगांतून बरेचसे खालीही येतात, फक्त चटका बसत नाही म्हणून कळत नाही. साधी खूण म्हणजे स्वतःची सावली स्वतःपेक्षा आखूड असेल तर झाकायची वेळ. आणि हेल्मेटची काच चालू गाडीवर खाली ठेवा, पॉलिकार्बोनेटची असेल तर पारदर्शक असूनही अतिनील किरण बहुतेक अडवते. पुढे चारचाकी मिळाली तर मात्र बाजूच्या साध्या काचेवर विसंबू नका, तिच्यातून यूव्हीए येतो.

रानफेरी (धागाकर्ता):
मोमेटासोन लिहिलंय त्यावर. उद्याच परत करतो, घेतली नाही तर कचऱ्यात. टिंटेड मागवतोय, शेड कोणती घ्यावी तेवढं कुणी सांगा, तीनचार दिसतायत आणि घरी विचारलं तर बायको आधी अर्धा तास हसेल.