लेकीच्या बाळंतपणाला जायलाही ‘ना हरकत’?

खडूफळा
काल इथे एकाने लिहिलं होतं : “विद्यापीठाने परदेश प्रवासाचे नियम कडक केले ते उत्तम झालं. प्राध्यापक कॉन्फरन्सच्या नावाखाली बँकॉक, दुबई करून येतात आणि इकडे वर्ग ओस. ६० दिवस आधी अर्ज, हमीपत्र, वरिष्ठांची शिफारस, यात चुकीचं काय?” खाली अंगठ्यांची रांग लागली होती. वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अनुदानित महाविद्यालयात २२ वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. कॉन्फरन्ससाठी एकदाही देशाबाहेर गेले नाही. गेल्या वर्षी लेकीचं पहिलं बाळंतपण होतं, जर्मनीत. सुट्टी उन्हाळ्याची, पैसे माझे. १२ फेब्रुवारीला अर्ज दिला. पहिली त्रुटी निघाली, ‘प्रवासाचा उद्देश सुस्पष्ट नाही’. मी ‘मुलीचे बाळंतपण’ असंच लिहिलं होतं. मग खर्चाचा स्रोत विचारला, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा जोडला. मग पासपोर्टची प्रत साक्षांकित नाही म्हणून फाइल खाली आली. प्राचार्यांकडून संस्थेकडे, संस्थेकडून परत प्राचार्यांकडे. परवानगी हातात पडली ९ मेला. नात ४ मेला झाली होती. व्हिसाच्या कागदांत नोकरीच्या ठिकाणचं पत्र लागतं, त्यामुळे त्याआधी अर्जही करता येईना. परक्या देशाच्या वकिलातीने ११ दिवसांत व्हिसा दिला. माझ्या माणसांना ८६ दिवस लागले. बारसं मी मोबाइलवर पाहिलं.

पासपोर्ट काढताना सरकारी नोकराला ‘ना हरकत’ नसली तरी चालते, कार्यालयाला आगाऊ कळवल्याचं पत्र पुरतं. मग सुट्टीत, स्वखर्चाने जाणाऱ्या शिक्षकाने नुसतं कळवलं तर का चालू नये?

करदाता_नाशिक
ती पोस्ट माझीच. बाळंतपणाचं वाईट वाटलं, पण नियम एका बाळंतपणासाठी बनत नाहीत. मे महिन्यात तुम्ही सगळे जर्मनीला गेलात तर कॅप सेंटरवर, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्रावर, पेपर कोण तपासणार? माझ्या मुलाचा शेवटच्या वर्षाचा निकाल (विद्यापीठाचं नाव घेत नाही) इतका लांबला की पुढची प्रवेशाची जागा हातची गेली. मुंबई विद्यापीठाचे २०१७चे निकाल विसरलात का? पगार वर्षभराचा घेता, तर सुट्टीत कुठे आहात हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

खडूफळा
२०१७चा घोळ शिक्षक परदेशी गेले म्हणून झाला नव्हता. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची पद्धत घाईघाईने आणली म्हणून झाला. कुलगुरूंना त्यात पद सोडावं लागलं. आणि मी पेपर तपासून, सही करूनच निघाले होते.

आवकजावक
मी आस्थापना विभागात कक्षाधिकारी होतो, आता निवृत्त आहे. बाई, तुमचं दुःख खरं. पण टेबलाच्या या बाजूने बघा. आमच्याकडचे दोघे अभ्यासरजेवर बाहेर गेले. पगार चालू, परत येऊन सेवा देण्याचं बंधपत्र दिलेलं. एकाने तिकडूनच मेलवर राजीनामा पाठवला, दुसऱ्याने तेवढंही केलं नाही. वसुलीची फाइल माझ्या निवृत्तीपर्यंत माझ्या कपाटात होती. दरवर्षी लेखापरीक्षणाला साहेब विचारायचे, ‘परवानगी कुणी दिली?’ आणि शेरा माझ्या नावावर. त्यानंतर कुठला कारकून डोळे मिटून सही करेल?

खडूफळा
अभ्यासरजा आणि उन्हाळ्याची सुट्टी यांत काही फरक आहे की नाही? पगारी रजेवर जाऊन पळालेल्या दोघांची शिक्षा स्वतःच्या पैशाने आठवडाभर जाणाऱ्या दोनशे जणांना का?

संशोधक_मराठवाडा
विद्यार्थ्यांचं कुणी बोलतच नाही म्हणून मध्ये पडतो. माझं पोस्टर लिस्बनच्या परिषदेत स्वीकारलं होतं. कागदावर फेलोशिप महिना ३७,०००, पण ती चार-चार महिने येत नाही. प्रवासाच्या अनुदानात विमानाचं भाडं आधी स्वतः भरायचं, पैसे परत आल्यावर. तिकिटासाठी गावातल्या पतसंस्थेचं कर्ज काढलं, जामीन मामा. आल्यावर बिल लावलं तर लेखा विभागाने परत पाठवलं, ‘बोर्डिंग पासची मूळ प्रत वाचता येत नाही’. तो कागद एटीएमच्या पावतीसारखा असतो, पाकिटात चार महिन्यांत पांढरा पडतो. दोहाचा तर कोरा चिटोराच उरला होता. चार महिने का ठेवला म्हणाल, तर त्याआधी बिल घेणारा लिपिकच रजेवर होता. मग विमान कंपनीकडून प्रवास केल्याचं पत्र मागवलं, त्यात आणखी दोन महिने. तोवर व्याज माझं.

आवकजावक
मूळ बोर्डिंग पास आम्ही हौसेने मागत नव्हतो. तिकीट काढून, ते रद्द करून पैसे खाल्लेले महाभाग मी पाहिलेत. पण आल्या आल्या झेरॉक्स काढून साक्षांकित करून घ्या, हे मुलाला कुणीतरी सांगायला हवं होतं. तेवढं कबूल.

सांगलीकर_५५
भाडं परत मिळायचं तेही कुठल्या विमानाचं? सरकारी पैशावर एअर इंडियानेच जा, हा नियम कित्येक वर्षं होता. समोर दुसरं विमान स्वस्त दिसत असताना महागाचं काढायचं, नाहीतर सूट मागायला दिल्लीला पत्र. २०२२च्या जानेवारीत कंपनी टाटांकडे गेली तेव्हा वाटलं सुटलो. तर आता तिकीट काढायचं ते बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स नाहीतर आयआरसीटीसी या सरकारी कंपन्यांकडूनच.

करदाता_नाशिक
विषय भरकटतोय. मूळ मुद्दा बँकॉक. रिसॉर्टमध्ये ‘आंतरराष्ट्रीय परिषद’, सकाळी दोन तास पेपर, दुपारी बोटीत. माझ्या मेहुण्याने फोटो टाकले होते.

खडूफळा
तुमच्या मेहुण्याची जबाबदारी मी घेत नाही. पण ते फोटो कुठून येतात ते सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी गुण आहेत. परदेशात पेपर वाचला तर ७, भारतातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीयला ३, राज्य पातळीवर २. तोच पेपर, तोच माणूस; पुण्यात राष्ट्रीय परिषदेत वाचला तर ३ आणि पटायाला वाचला तर ७. ही दुकानं या तक्त्याच्या पायरीवर उभी आहेत. तसल्या परिषदा आहेत, त्यांची मला लाज वाटते, आमच्या स्टाफरूममधले दोघे जाऊन आले हेही लिहिते. पण ६० दिवसांच्या अटीने ते थांबले नाहीत. त्यांचे कागद सगळ्यात व्यवस्थित असतात. अडकतो तो घाईत असलेला, खरं कारण असलेला माणूस.

करदाता_नाशिक
७ आणि ३ चं मला माहीत नव्हतं. ठीक आहे, तेवढं मान्य. परवानगी हवीच, यावर मात्र मी ठाम आहे.

तासिका_सोलापूर
सगळं वाचलं. रजा, सुट्टी, अर्जित रजा, कर्तव्यरजा. मी नेट, पीएचडी. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवतोय. उन्हाळ्यात मला सुट्टी नसते, मला नोकरीच नसते. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही वर्ष संपल्यावर. माझा पेपर सेऊलच्या परिषदेत लागला होता. व्हिसासाठी ‘हे आमचे शिक्षक आहेत’ एवढं पत्र मागितलं, तर प्राचार्य म्हणाले, तुम्ही आमचे कर्मचारी नाही, पत्र कसं देऊ? आणि इथे बाई रडतायत की परवानगी ८६ दिवसांनी मिळाली. मिळाली ना?

खडूफळा
मी रडत नाही. नातीच्या बारशाला मी नव्हते एवढंच लिहिलं. तुमच्यावरचा अन्याय मोठा आहे म्हणून माझा खोटा ठरत नाही.

तासिका_सोलापूर
खोटा म्हटलंच नाही. पण कायम असलेले लोक आमच्या नावाने एक ओळ लिहीत नाहीत आणि स्वतःची फाइल अडली की धागा काढतात. तुमच्या विभागात तासिकावाले किती? त्यांची नावं वेळापत्रकात तरी लिहिता की ‘सीएचबी १’, ‘सीएचबी २’?

सांगलीकर_५५
हे वैयक्तिक होतंय.

तासिका_सोलापूर
वैयक्तिकच आहे. माझं आयुष्य आहे ते.

खडूफळा
चार आहेत. वेळापत्रकात क्रमांकच असतात. आजवर मला ते खटकलं नाही, आता खटकतंय. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

सहलीवाले_सर
थोडं विद्यार्थ्यांकडे वळतो. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाची १४ मुलं बुडाली. त्यानंतर पालकांची संमतिपत्रं, मुलींसोबत शिक्षिका, नावनिशीवार यादी, सगळ्याला धार आली. आम्ही कुरकुर केली. नंतर मी १८ मुलांना इटलीला नेलं, तेव्हा एकाचं अपेंडिक्स रात्री दोनला फुटलं. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, तो होता म्हणून ऑपरेशनच्या टेबलाआधी कुणी पैसे मागितले नाहीत. आणि पालकांच्या अर्जावर दुसरा फोन नंबर सक्तीचा होता म्हणून त्याच्या काकांना पहाटे उठवता आलं. वडिलांचा फोन बंद होता. त्या एका रकान्याला मी आजही हात जोडतो. कडक नियम माणसं वाचवतात, बाई.

खडूफळा
सर, हे पटतं आणि याला माझा विरोध नाही. तुमच्या यादीतला प्रत्येक रकाना मुलाच्या उपयोगाचा होता. माझ्या अर्जातला ‘उद्देश सुस्पष्ट नाही’ कुणाच्या उपयोगाचा होता? विमा मागा, पत्ता मागा, परतीचं तिकीट मागा, मी एका दिवसात देते. मला मोजून तेवढंच हवंय की सुट्टीतल्या खासगी प्रवासाला अर्ज नको, सूचना पुरे. आणि कामाच्या प्रवासाला १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं.

आवकजावक
१५ दिवसांत होणार नाही. संस्थेची बैठकच महिन्यातून एकदा असते. ३० म्हणा. आणि त्रुटी काढायच्या त्या सगळ्या एकदाच, एका पत्रात. तीनदा फाइल खाली पाठवणं ही आमची वाईट सवय आहे, मीही हे केलंय. पहिल्या वेळी पूर्ण वाचायला वेळ नसायचा, म्हणून पहिली चूक दिसली की परत. हे इथे लिहितोय कारण आता माझं पेन्शन कुणी अडवणार नाही.

करदाता_नाशिक
३० दिवसांना माझी हरकत नाही. पेपर तपासल्याचा दाखला मात्र सोबत लावा.

खडूफळा
लावते. आजच लावते.

तासिका_सोलापूर
आणि आम्ही? तुमच्या या नव्या अर्जात ‘पदनाम’ असेल, ‘रजेचा प्रकार’ असेल. त्यात मी काय लिहू?

आवकजावक
अर्ज डोळ्यासमोर आणून पाहिला. तुमच्यासाठी त्यात रकाना नाही. मी ३१ वर्षं तो अर्ज छापून घेतला, माझ्या ते लक्षात आलं नाही.