आधी घाट दाखवा, व्याख्या नंतर

शाळकरी मुलांकडून आधी अग्निज, स्तरित, रूपांतरित हे खडकांचे प्रकार पाठ करून घ्यावेत, ही सूचना मला पटत नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पायाखाली काळा बेसाल्टच आहे, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला अग्निज खडक; बाकीचे दोन प्रकार मुलांना सहसा दिसतच नाहीत. (दक्षिण कोकण आणि पूर्व विदर्भातल्या मुलांची मात्र चैन आहे, तिथे इतर खडकही दिसतात!)

त्यापेक्षा त्यांना सह्याद्रीतल्या एखाद्या घाटात न्या आणि समोरच्या कड्याचे थर मोजायला लावा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच नाही, पुन्हापुन्हा वाहत आला, हे त्यांचं त्यांनाच उमगतं. दोन थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसला तर थांबाच. वरचा लाव्हा येण्याआधी खालच्या खडकाची झीज होऊन माती बनायला वेळ मिळाला होता, याची ती बहुधा खूण असते. मग दगडातले पांढरे ठिपके दाखवा. ते मुळात वायूचे बुडबुडे. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून झिओलाइटसारखी खनिजं त्यांत साचली.

मुंबईकरांना अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आहेच. थंड होताना आकसलेल्या लाव्हाचे उभे खांब तिथे स्पष्ट दिसतात. तिथे हातोडी मात्र नेऊ नका. सुटे दगड घाटात हवे तेवढे मिळतात.