मदत हवी आहे: घरी मॉस्फेटचं किट जुळवताना स्टॅटिकपासून पार्ट कसे वाचवायचे?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी मुलगी मिळून घरी एक ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरचं किट जुळवायला घेतोय. आउटपुटला मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आहेत, सोबत एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. किटच्या कागदावर 'स्टॅटिकपासून जपा' एवढंच लिहिलंय, कसं जपायचं त्याचा पत्ता नाही. स्टॅटिक म्हणजे घासण्याने अंगावर साठलेली वीज. हवा सध्या इतकी कोरडी आहे की स्वेटर काढताना तडतड ऐकू येते आणि दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो.

मला धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. असा चटका आपल्याला जाणवायला अंगावर साधारण ३००० व्होल्ट लागतात. मॉस्फेटच्या डेटाशीटमध्ये गेट-सोर्सची (त्याच्या दोन पायांमधल्या व्होल्टेजची) मर्यादा मात्र ±२० व्होल्ट दिली आहे. म्हणजे हाताला काहीच न कळता पार्ट जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट दुखावून आज चालेल आणि काही महिन्यांनी दगा देईल. मुलीने मन लावून केलेलं काम असं वाया जाऊ नये असं फार वाटतं.

अंगावरचा चार्ज उतरवायला बिनतारी मनगटी पट्टा मिळतो, तो चालेल का? टेबलावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरली तर? माझं सोल्डरिंग आयर्न दोन पिनचं आहे, ते बदलावं लागेल का? आणि पट्ट्याची वायर नेमकी जोडायची कुठे? जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बिनतारी पट्टा अजिबात घेऊ नका. अंगावरचा चार्ज निघून जायला वाट लागते, आणि त्या पट्ट्यात ती वाटच नसते.

वायरवाल्या पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो तुमच्या जिवासाठी आहे. चुकून दुसरा हात २३० व्होल्टला लागला तरी त्या वाटेने पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट जातो. चार्ज उतरायला मात्र त्याने काही अडत नाही. माणसाच्या शरीराची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) १०० पिकोफॅरडच्या आसपास धरतात, ती १ मेगाओहममधून मिलिसेकंदाच्या आत रिकामी होते. म्हणून साध्या वायरीने मनगट अर्थिंगला कधीही बांधू नका, मुलीचं तर नाहीच. बोर्डाला सप्लाय देऊन तपासणी करताना पट्टा काढून ठेवा.

पट्टा घालून मल्टिमीटरचा एक प्रोब चिमटीत घट्ट धरा आणि दुसरा वायरीच्या टोकाला लावा. १ मेगाओहमपेक्षा थोडं जास्त दिसलं की ठीक. रीडिंग खूप वर गेलं तर पट्टा सैल आहे किंवा कातडी फार कोरडी आहे.

फॉइल नको. चार्ज झालेला आयसी (चिप) थेट धातूवर ठेवला की चार्ज एका झटक्यात बाहेर पडतो, आणि तो झटकाच आयसीला मारतो. ईएसडी मॅटचा (स्टॅटिकच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या मॅटचा) रेझिस्टन्स मुद्दाम दहा लाख ते शंभर कोटी ओहमच्या दरम्यान ठेवलेला असतो, म्हणजे चार्ज हळू उतरतो.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत. थोडी भर घालतो.

सगळे अर्थिंगच्या मागे लागतात, पण मुख्य गोष्ट ही की तुम्ही, मॅट आणि बोर्डाचा ग्राउंड तिन्ही एकमेकांना जोडलेले हवेत. तिघांचं पोटेन्शियल सारखं असलं की ठिणगी पडायचं कारणच उरत नाही. अर्थिंग त्याच्या जोडीला असावं, पण सॉकेटमध्ये ते खरंच आहे का हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

थर्मोकोल, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे डबे यांना मात्र पट्ट्याचा काही उपयोग नाही. ते विद्युतरोधक, त्यांच्यावरचा चार्ज वायर जोडून जात नाही. कामाच्या जागेपासून निदान फूटभर लांब ठेवा. चिकटपट्टी सोलतानाही हजारो व्होल्ट तयार होतात. आणि पार्ट ठेवायची गुलाबी पिशवी फक्त स्वतः चार्ज होत नाही, बाहेरच्या झटक्यापासून वाचवत नाही. ते काम धातूचा थर असलेल्या चंदेरी पिशवीचं, तेही तोंड बंद असेल तरच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! मॅट आणि वायरवाला पट्टा घ्यायचं ठरलं. आयर्नचं तेवढं राहिलं. आणि मॉस्फेट आधी बसवू की शेवटी?

प्रतिसाद १

तीन पिनचं आयर्न घ्या. दोन पिनवाल्याचं टोक अधांतरी असतं, त्यावर गळतीचा व्होल्टेज येऊ शकतो. नवीन आणलं की प्लग काढलेला असताना टोक आणि अर्थ पिन यांच्यातला रेझिस्टन्स मोजा, जेमतेम काही ओहम यायला हवा.

मॉस्फेट अगदी शेवटी. त्याआधी गेट आणि सोर्सच्या मधला रेझिस्टर बोर्डावर लावून घ्या, म्हणजे मॉस्फेट बसल्याबसल्या त्याच्या गेटला चार्ज उतरवायची वाट मिळते. पट्टा घालून मगच पिशवी उघडा, पार्ट त्याच्या मधल्या भागाला धरा, त्याच्या पायांना बोट लावू नका. बोर्ड पूर्ण झाल्यावर कॅबिनेटमध्ये नेताना तो कडेने धरा आणि लांब केबल जोडण्याआधी तिचा ग्राउंड कॅबिनेटच्या धातूला टेकवा, कारण केबलवरही चार्ज साठतो.

मुलीलाही स्वतंत्र पट्टा घ्या. एकाच पट्ट्यावर दोघांनी आळीपाळीने काम करू नका.