बाकाबाईंवर चित्रपट काढायचा, तर तो आजीचा की दरबाराचा?

महालकर : नागपूरकर भोसल्यांवर कोणी चित्रपट काढणार असेल, तर त्याने सीताबर्डीच्या लढाईला मध्यभागी न ठेवता बाकाबाई आणि त्यांचा नातू यांना ठेवावे, असे माझे मत आहे. १८१६ मध्ये बाकाबाईंचे पती, नागपूरचे राजे दुसरे रघूजी वारले. पुढच्याच वर्षी गादीवरचे त्यांचे आजारी पुत्र परसोजी बिछान्यात मृत आढळले आणि खुनाचा आळ परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेबांवर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीवर इंग्रजांकडून पराभव झाला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवले. राज्याचा कारभार दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स याच्या हाती गेला. बाकाबाईंकडे उरले ते अल्पवयीन नातवाचे पालकत्व आणि वाडा. आधीचा राजा ज्या घरात असा गेला, तिथे या पोराच्या ताटात काय वाढले जाते यावरही आजीने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले असेल. राजकारण दाखवायचे तर त्या पंगतीतून दाखवावे.

इतवारीकर : आपली कल्पना देखणी आहे, पण तीत एक मोठी सोय आहे. आजी म्हटली की प्रेक्षक विरघळतो, आणि १८५७ मध्ये बाकाबाईने इंग्रजांची बाजू घेतली हे ठणकावून सांगण्याची जबाबदारी आपोआप टळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून काळी मारबत, म्हणजे मिरवून नंतर जाळायचा मोठा पुतळा, निघते, ती याच फितुरीच्या निषेधाची, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी ज्याने कोवळ्या वयात ऐकली, त्याला देवघरातली समई दाखवून तुम्ही काय पटवणार?

महालकर : फितुरी झाकावी असे मी कुठेच म्हटलेले नाही. ती का घडली, हे मात्र घरातूनच कळते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातले जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. ज्या नातवासाठी इतकी वर्षे इंग्रजांशी जुळवून घेतले तो गेला. दत्तक घेतलेल्या जानोजीला मान्यता मिळेना. पुढे त्याला देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला, पण १८५८ मध्येच वारलेल्या बाकाबाईंना ते पाहता आले नाही.

धरमपेठकर : मारबतीची कथा लोकस्मृतीची आहे, तिला पुराव्याचा मान देऊ नये, पण ती गाळूनही चालणार नाही. लोकांनी एका म्हाताऱ्या राणीला कसे लक्षात ठेवले, हे त्या घराण्याच्या इतिहासाइतकेच महत्त्वाचे आहे. (लढाईच्या दृश्यांवरचा खर्च वाचेल, हा वेगळा लाभ.)

इतवारीकर : कारण समजले म्हणून किंमत कमी होत नाही. जून १८५७ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या रिसाल्याचा, म्हणजे घोडदळाचा, इंग्रजांविरुद्धचा उठाव फसला आणि त्यातल्या काहींना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी दिली गेली. महालकरांच्या पटकथेत पंगत आहे, दत्तक आहे, किताबही आहे. या शिपायांच्या घरांना मात्र एकही प्रसंग नाही. तेवढे जोडा, मग त्याला कौटुंबिक चित्रपट म्हणण्यास माझी हरकत नाही.